हाडाचे कलम

घाटाखालच्या कोकणात आंब्याचे भेटकलम बांधतात, ते पाहिलेली माणसे मावळात पुष्कळ असतील. कोयीपासून वाढविलेले रोप कुंडीसकट उचलून चांगल्या झाडाच्या फांदीजवळ आणावयाचे, दोहोंची साल थोडथोडी तासून ती जागा एकमेकींस भिडवावयाची, घट्ट बांधावयाची आणि दोन-तीन महिने वाट पाहावयाची. एवढ्या काळात फांदी मूळ झाडापासून तोडीत नाहीत. तिला रस आईकडून मिळत असतो. सांधा एकजीव झाला, म्हणजे मग काप देतात. घाई केली तर फांदी वाळते. मराठीने शल्यविद्येतील एका क्रियेस ‘हाडाचे कलम’ म्हटले, तेव्हा बागेतला हा शब्द नुसत्या सोयीसाठी घेतला असेल. परंतु तो इतका चपखल बसला आहे, की लहान मुलांच्या पायांच्या हाडांवर गेली शंभराहून अधिक वर्षे जे प्रयोग झाले, त्यांचा सारा इतिहास या एका शब्दाच्या आधाराने सांगता येतो. तोच सांगण्याचा आमचा विचार आहे.

लोणावळ्यासारख्या गावी, वसंताच्या व्याख्यानांत, हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या विकाराविषयी आम्ही मुख्यत्वे बोलणार तो फार विरळा आहे. नडगीच्या हाडातील जन्मजात ‘खोटा सांधा’ असे त्याचे वर्णन करतात. सुमारे दीड लाख जन्मांत एखादे मूल तो घेऊन येते. आपल्या मावळ तालुक्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत पावणेचार लाखांच्या आसपास भरली. तेव्हा हिशेबाने एका पिढीत एखाददुसरेच मूल. परंतु विरळ रोगाचे दुःख असे असते, की तो आला म्हणजे ओळखणारे माणूस जवळ नसते. आणि दुसरे असे, की हाड का जुळते आणि का जुळत नाही, या प्रश्नावर शल्यविद्येने जेवढ्या कल्पना लढविल्या, त्या सगळ्यांची कसोटी या एका चिमुकल्या हाडाने घेतली. पुष्कळशा कल्पना येथे नापास झाल्या. त्या का नापास झाल्या, हेच या इतिहासातील शिकण्यासारखे आहे.

प्रथम विकाराचे रूप पाहू. मूल जन्मते तेव्हा बहुधा हाड मोडलेले नसते. नडगी मात्र मध्याच्या थोडी खाली, पुढे आणि बाहेर अशी वाकलेली असते. धनुष्याची पाठ पुढे यावी तशी. मूल उभे राहू लागते, चालू लागते, आणि एके दिवशी काही विशेष न घडता हाड त्या बाकाशी मोडते. मुलांची हाडे मोडतात आणि जुळतात, ही रोजची गोष्ट आहे; सहा-आठ आठवडे प्लास्टर घातले की मूल पुन्हा धावते. हे हाड जुळत नाही. टोके निमुळती होत जातात, पेन्सिलीला टोक काढावे तशी, आणि मध्ये चिवट तंतूंचा गोळा जमतो. पाय तेथे असा हलतो की जणू एक जास्तीचा सांधाच आहे. म्हणून ‘खोटा सांधा’. बऱ्याच मुलांच्या अंगावर दुधाच्या चहासारख्या फिकट तपकिरी रंगाचे डागही आढळतात. त्या डागांचा आणि हाडाचा संबंध काय, हे पुढे येईलच.

मावळात मोडलेल्या हाडासाठी पूर्वापार हाडवैद्य होता. बांबूच्या कामट्या, पाल्याचा लेप, चिंधीची पट्टी, एवढीच त्याची सामग्री. या विद्येस हसण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. तीत हाड ओढून सरळ करणे, जागी बसविणे, मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या भोवती बांधणे, रोग्यास फळीवर खुंट्यांच्या आधाराने निजविणे, हे सर्व सांगितलेले आहे. साधे मोडलेले हाड या उपायांनी जुळत असे आणि आजही जुळेल. कारण हाड वैद्य जुळवीत नाही. ते स्वतः जुळते, वैद्य त्याला नुसते स्थिर ठेवतो. परंतु ज्या हाडात जुळण्याची शक्तीच नाही, तेथे कामटी काय करणार? तेथे दुसरीकडून जिवंत द्रव्य आणून घालावयास हवे. म्हणजे कलम.

आणि कलमाचा विषय निघाला, की इतिहासास पुण्यात थांबावेच लागते. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैलवाला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. नंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला, तो कपाळावर पसरून त्याच्या कडेने रेघ ओढली, तेवढी कातडी सोलून खाली वळविली आणि नाकाच्या जागी बसविली. टाके नाहीत, काताच्या लगद्यात भिजविलेल्या चिंध्यांचे थर. दोन भुवयांच्या मध्ये कातडीचा एक देठ मात्र त्याने तोडला नाही. त्या देठातून नव्या नाकास रक्त मिळत होते. सुमारे पंचवीस दिवसांनी, नाकाने तेथे मूळ धरल्यावर, देठ कापला. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोघे इंग्रज वैद्य हा प्रकार पाहण्यास हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत छापून आली, आणि वीस वर्षांनी, १८१४ त, कार्प्यू या लंडनच्या शल्यज्ञाने ती वाचून तशीच क्रिया तेथे केली. पुण्याच्या या कारागिराचे भेटकलमच नव्हे काय? फांदी आईपासून न तोडता सांधणे हे त्यास ठाऊक होते. हाडांच्या शल्यज्ञांस ही गोष्ट पचनी पडावयास पुढे पाऊणशे ते दीडशे वर्षे लागली, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

युरोपात हाडाचा विचार प्रथम शास्त्रीय रीतीने कोणी केला, तर एका झाडे अभ्यासणाऱ्या पंडिताने, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. १७३६ साली बेल्चियर नावाचा लंडनचा शल्यज्ञ छिटे रंगविणाऱ्या एका कारखानदाराकडे जेवावयास गेला असता पानातल्या डुकराच्या मांसातील हाडे त्यास तांबडी दिसली. रंगाच्या कामी वापरलेला, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा रंग लागलेला कोंडा त्या डुकरांस घातलेला होता! ही हकीकत ऐकून फ्रान्सच्या दुआमेल द्यू मोन्सो याने जनावरांस ती मुळी काही दिवस घालावी, काही दिवस बंद करावी, असे प्रयोग केले, आणि हाडात तांबडी-पांढरी वलये आलटून पालटून मिळाली. झाडाच्या खोडातील वलयांशी त्याने त्यांची तुलना केली. हाडावर जे पातळ आवरण असते, ती हाडाची साल. झाड जसे सालीच्या आतल्या बाजूने वाढते तसे हाड या आवरणापासून जाड होते, असा त्याचा सिद्धांत. हाडाभोवती, या आवरणाच्या आत, त्याने चांदीची तार वळवून ठेविली. पुढे ती हाडाच्या पोटात गेलेली सापडली. आवरणाची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. दोनशे वर्षांनी तिचीच आठवण करावी लागणार आहे.

यानंतरचा टप्पा म्हणजे ल्यॉनचे ओलिए आणि ग्लासगोचे विल्यम मॅक्युअन. ओलिए यांनी १८६७ साली हाडाच्या पुनर्निर्मितीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि आवरणाचा पक्ष घेतला. मॅक्युअन यांचा पक्ष उलट; परंतु त्यांनी केले ते काम दोन्ही पक्षांस मान्य करावे लागले. एका लहान मुलाच्या दंडाचे हाड पू होऊन गेले होते. हात नुसता लोंबत होता. त्याच सुमारास मुडदुसाने नडग्या वाकलेल्या इतर मुलांवर ते शस्त्रक्रिया करीत, आणि पाय सरळ करताना हाडाची पाचर काढून टाकावी लागे. त्या टाकाऊ पाचरींचे बारीक तुकडे करून त्यांनी मुलाच्या दंडात एकामागून एक भरले. हाड तयार झाले. १८८१ साली ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. मुलगा मोठा होऊन त्याच हाताने कष्टाची कामे करू लागला. लाकडाचा किंवा धातूचा तुकडा बसविल्याप्रमाणे हाडाचा तुकडा बसवावयाचा नसून बी पेरल्याप्रमाणे तो पेरावयाचा, असे यातून दिसून आले. (त्यापूर्वी दोनशे वर्षे, १६६८ त, व्हान मीकेरेन नावाच्या डच लेखकाने एका रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसविल्याची गोष्ट नमूद केली आहे. धर्मपीठाने त्याबद्दल त्यास बहिष्कृत केले, आणि तो ते काढून घ्यावयास गेला तो हाड जुळून गेले होते, असे म्हणतात. गोष्ट रंजक आहे. तिच्यावर आम्ही फार भार देऊ इच्छीत नाही.) विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ॲल्बी यांनी विजेच्या दुहेरी करवतीने नडगीतून मोजूनमापून पट्ट्या काढून त्या दुसरीकडे बसविण्याची कला सुताराच्या सफाईने वाढविली, त्यांचे पुस्तक १९१५ चे. पहिल्या महायुद्धाने तिला कामही भरपूर पुरविले.

मग एवढे साधले असता लहान मुलाच्या नडगीतला खोटा सांधा का साधू नये? सर जेम्स पॅजेट यांनी १८९१ मध्येच मुलांच्या न जुळणाऱ्या हाडांविषयी लिहून ठेविले होते. पन्नास वर्षे लोक कलमे करीत राहिले. मेम्फिसचे बॉइड यांनी १९४१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली: खोट्या सांध्याच्या दोन्ही बाजूंस हाडाच्या दोन मजबूत पट्ट्या, मोडक्या काठीस दोन फळ्या बांधाव्या तशा, खिळ्यांनी बसवावयाच्या आणि मधल्या पोकळीत मऊ हाडाचा चुरा भरावयाचा. एवढ्याशा मुलाच्या अंगात इतके हाड कोठून काढणार? म्हणून आईच्या किंवा बापाच्या नडगीची पट्टी काढून घेण्याचीही त्या काळी वहिवाट होती. आपल्या पायाचे हाड काढून मुलाच्या पायात घालू देणाऱ्या त्या आईबापांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे या सगळ्या तांत्रिक खटाटोपात काय पणास लागले होते ते कळते.

पुष्कळ वेळा हाड जुळे. प्लास्टर निघे, क्ष-किरणांच्या चित्रात अखंड नळी दिसे, वैद्य ‘यश’ म्हणून नोंद करीत. वर्ष-दोन वर्षांनी त्याच जागी हाड पुन्हा मोडे. कधी कधी तर नवी पट्टी पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळून जाई. मग दुसरी शस्त्रक्रिया, तिसरी, चौथी. दर खेपेस पाय थोडा आखूड होई, घोटा ताठ होई. ज्या मुलाने खेळावयाचे त्याने वर्षाच्या वर्षे खाटेवर काढावयाची. यातून एक मोठा धडा निघाला, तो हिशेबाचा. हाड जुळले की यश मोजावयाचे, ही रीत सोडून द्यावी लागली. मुलाची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत, हाड अखंड राहिले तरच ते जुळले असे म्हणावयाचे. ही रीत धरल्यावर जुन्या यशांच्या याद्या बऱ्याच आखूड झाल्या. आमच्या मते या इतिहासात कोणत्याही नव्या हत्यारापेक्षा या हिशेबाच्या प्रामाणिकपणाचे मोल जास्त आहे.

१९५० च्या सुमारास लढाई अनेक बाजूंनी सुरू झाली. लिव्हरपूलचे मॅक्फार्लंड यांनी १९५१ साली निराळी युक्ती सुचविली: वाकलेले हाड मोडण्याची वाट न पाहता आणि दुखऱ्या जागेस हातही न लावता, बाकाच्या मागून एक पट्टी वरच्या निरोगी हाडापासून खालच्या निरोगी हाडापर्यंत घालावयाची. घाटात दरड कोसळण्याची जागा टाळून वळणाचा रस्ता काढावा, तसा हा प्रकार. टोरोंटोचे फार्मर यांची १९५२ ची शस्त्रक्रिया तर पुण्याच्या कारागिराने पाहिली असती तर त्यास आनंद झाला असता. मुलाचे दोन्ही पाय एकमेकांस जोडून प्लास्टरमध्ये बांधावयाचे. चांगल्या पायाच्या हाडाचा तुकडा, वरच्या कातडीसह, आजारी पायात बसवावयाचा. परंतु चांगल्या पायाशी असलेला कातडीचा देठ काही आठवडे तोडावयाचा नाही. तुकड्यास रक्त मिळत राहते, तो जगतो. हे भेटकलमच होय. १९५६ मध्ये इंग्लंडचे चार्नली यांनी हाडाच्या पोकळीतून, टाचेकडून, पोलादी सळई घालण्याचा पुरस्कार केला, आणि १९५९ मध्ये शिकागोकडील सोफील्ड आणि मिलर यांनी वाकड्या हाडाचे तुकडे करून ते सळईवर मण्यांसारखे ओवण्याची रीत प्रसिद्ध केली. कलमाशी सळईचा जोड हा त्या काळापासून टिकून राहिला आहे. कलम जगो न जगो, हाड वाकू तरी नये, एवढे ती पाहते.

त्या काळी मावळातल्या मुलाने कोठे जावयाचे? घाटात आगगाडी १८६३ साली झाली आणि तेव्हापासून कामशेत, मळवली, लोणावळे येथील माणसास दोन्ही बाजूंची इस्पितळे मोकळी झाली: एका बाजूस १८६७ चे पुण्याचे ससून, दुसऱ्या बाजूस मुंबईचे जे. जे., पुढे १९२६ चे के. ई. एम. आणि १९२९ चे मुलांसाठी निघालेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. मुलांच्या अपंगत्वाकडे स्वतंत्र लक्ष मात्र पोलिओमुळे गेले. फातिमा इस्माइल या बाईंच्या मुलीस पोलिओ झाला. त्यातून १९४७ साली मुंबईत त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली, आणि तिचेच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय झाले. पोलिओच्या हजारो मुलांवर हात बसलेले शल्यज्ञ, कॅलिपर करणारे कारागीर, व्यायाम शिकविणाऱ्या बाया हे सर्व अशा ठिकाणी तयार झाले, आणि विरळ जन्मदोषांच्या मुलांसही त्याचाच उपयोग झाला. पुण्यात डॉ. कांतीलाल संचेती यांनी १९६५ साली अस्थिरोगांचे स्वतंत्र रुग्णालय सुरू केले.

पुण्याच्याच दुसऱ्या एका संस्थेचा येथे उल्लेख केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली वानवडीस कृत्रिम अवयव केंद्र निघाले. या विकाराच्या इतिहासात पाय कापण्याचा पर्याय सतत उभा राहिलेला आहे. चार-पाच कलमे फसल्यावर, पाय हातभर आखूड आणि घोटा निर्जीव झाल्यावर, युरोप-अमेरिकेतील शल्यज्ञ मुलाच्या आईबापांस म्हणत, की आता कापलेला बरा. चांगला कृत्रिम पाय बसवून मूल लवकर धावेल. आणि खरोखर ती मुले धावत. आपल्याकडे हा सल्ला घशाखाली उतरणे कठीण. भाताच्या खाचरात कृत्रिम पाय रुतावयाचा, चप्पल काढून घरात जावयाचे, जमिनीवर मांडी घालून बसावयाचे. त्यातून मुलगी असेल तर लग्नाची काळजी. म्हणून येथे आखूड आणि वाकडा असला तरी स्वतःचा पाय राखण्याकडे कल राहिला. हा कल अडाणीपणाचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. परंतु दहा वर्षे मुलास शाळेपासून तोडून एक निरुपयोगी पाय राखण्यातही शहाणपण नाही. किती शस्त्रक्रियांनंतर थांबावयाचे, हे आईबापांस पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

आता पुन्हा कलमाकडे. निराळ्या जागी नेलेला हाडाचा तुकडा बहुतांशी मरतो. त्याचा सांगाडा राहतो, आणि शेजारचे जिवंत हाड त्या सांगाड्यात हळूहळू शिरून त्याच्या जागी नवे हाड रचते. म्हणजे कलम हा मांडव. वेल भोवतालच्या जमिनीतून चढावयाचा. जमीन चांगली असेल तर वेल चढतो. खोट्या सांध्याची जमीनच वाईट. मग मांडव न घालता जिवंत वेलच का आणू नये? १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोचे हंटिंग्टन यांनी नडगीस भगदाड पडलेल्या एका मुलाच्या त्याच पायातील शेजारचे बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसह, सरकवून नडगीत बसविले होते, आणि ते हाड भार घेता घेता नडगीइतके जाड झाले होते. ही गोष्ट सुटी पडून राहिली होती. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्या शिवता येऊ लागल्या, तेव्हा मेलबोर्नचे इयन टेलर यांनी १९७५ साली चांगल्या पायातले बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह संपूर्ण सुटे करून दुसऱ्या पायात नेऊन तेथील वाहिन्यांस जोडल्याचे प्रसिद्ध केले. १९७८ मध्ये फ्रान्समध्ये जुदे यांनी, आणि त्याच सुमारास शांघायमध्ये चेन झोंगवेई यांनी, ही क्रिया जन्मजात खोट्या सांध्यासाठी वापरली. देठ कापला, पण कापताक्षणी दुसरा देठ शिवून दिला. कावसजीच्या नाकापासून येथपर्यंत एकच विचार पुढे सरकत आला आहे. फार कौशल्याचे आणि आठ-दहा तासांचे हे काम. जेथे तसे शल्यज्ञ आहेत तेथेच करावे.

दुसरा मार्ग सैबेरियातून आला. कुर्गान गावी गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५१ पासून एक पद्धत बसविली: पायाभोवती पोलादी कडी, आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा कड्यांतून हाडात आरपार. हाडास निरोगी जागी बारीक चीर द्यावयाची आणि दोन्ही टोके दिवसाला एक मिलिमीटर, तीही चार वेळा पाव पाव, दूर न्यावयाची. मधल्या फटीत नवे हाड तयार होत जाते. आखूड पाय लांब होतो आणि रोगट भाग कापून पडलेली पोकळीही भरून येते. पश्चिमेस ही विद्या १९८० नंतर कळली, कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकाच्या जुनाट मोडलेल्या पायामुळे. आपल्याकडे ती रुजविण्याचा मान मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांस आहे, अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांनीही तीत नाव मिळविले. मोठ्या राजधान्या सोडून मिरज-अकोल्यास ही विद्या वाढावी, हे महाराष्ट्रास भूषणावह आहे.

परंतु कड्यांचा पाय सांभाळणे हे घरचे काम असते. कित्येक महिने कडी पायात असतात. प्रत्येक तार कातडीतून जेथे आत जाते तेथे रोज स्वच्छ करावे लागते. नाही तर पू होतो. ज्या मावळात आषाढ-श्रावणात अंथरूण वाळत नाही, भिंतीस बुरा येतो, आईबाप दिवसभर आवणाच्या चिखलात असतात, तेथे हे काम किती अवघड आहे, ते शहरातल्या माणसास सांगून कळावयाचे नाही. शस्त्रक्रियेची तारीख पावसाळा पाहून ठरविणे ही क्षुल्लक बाब नव्हे. प्लास्टरचेही तेच.

तरीही हाडे पुन्हा मोडत होती. तेव्हा लक्ष कलमावरून जमिनीवर वळले. १९३७ साली फ्रान्समध्ये ड्युक्रोके यांनी या विकाराचा आणि अंगावरच्या त्या फिकट डागांचा संबंध दाखविला होता. हे डाग न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाच्या वंशगत विकाराचे. त्याचे वर्णन १८८२ त फोन रेक्लिंगहाउझेन यांनी केले, आणि त्यास कारण होणारा जनुक सतराव्या गुणसूत्रावर १९९० साली सापडला. नडगीच्या खोट्या सांध्याच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांत हा विकार असतो. २००० साली युरोपातील मुलांच्या अस्थिशल्यज्ञांनी अनेक देशांतील ३४० रुग्णांची माहिती एकत्र केली. तेवढ्यांवर मिळून बाराशेहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते असे, की हाडाचे आवरण, दुआमेलने जिला साल म्हटले तीच, जाड, तंतुमय आणि रोगट झालेली आहे. ती नवे हाड करीत नाही, हाडास मिळणारे रक्त आवळते, आणि तिच्या शेजारी हाड खाणाऱ्या पेशींचे फावते. म्हणजे शल्यज्ञ पन्नास-साठ वर्षे उत्तमोत्तम कलमे किडलेल्या सालीत बांधीत होते!

यानंतरच्या रीती पाहिल्या तर त्या सर्वांत एक गोष्ट समान दिसते: आधी रोगट आवरण निर्दयपणे काढून टाका. मग कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेले मऊ हाड भरा, सळई घाला. कर्नाटकातील मणिपाल येथे डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांचे सहकारी यांनी रोगट भाग कापून, दुसऱ्या नडगीच्या पट्ट्या लावून, टाचेतून सळई घालण्याची रीत २००० साली प्रसिद्ध केली. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत थांबावे, असा जुना दंडक होता; तीन वर्षांखालील मुलांतही हाड जुळते, असे त्यांनी २००३ मध्ये दाखविले. नडगी आणि शेजारचे बारीक हाड ही दोन्ही मिळून एकच जाड हाड होईल असे कलम करण्याची रीत सेऊलच्या शल्यज्ञांनी २०११ साली मांडली. दोन काठ्यांची मोळी एका काठीपेक्षा मोडावयास अवघड, हे तत्त्व. कोठे आवरणाच्या जागी कमरेच्या हाडावरचे निरोगी आवरण आणून गुंडाळतात, कोठे हाड खाणाऱ्या पेशींस आवर घालणारी औषधे देतात. पूर्वीपेक्षा आज फळ खात्रीने चांगले आहे.

पण हे सर्व हाड मोडल्यानंतरचे. मोडण्यापूर्वी ओळखले, तर पुष्कळ निभावते. त्यास क्ष-किरण लागत नाहीत, डोळे लागतात. तान्ह्या मुलाची नडगी पुढे आणि बाहेर वाकलेली आहे काय, अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे पाच-सहा डाग आहेत काय, एवढे पाहावयाचे. (नडगी मागे आणि आत वाकलेली असेल तर तो निराळा, बराच निरुपद्रवी प्रकार असतो, तो बाक बहुधा वयाबरोबर कमी होतो, फक्त पाय थोडा आखूड राहू शकतो.) पुढे वाकलेली नडगी तेल चोळून, दाबून, बांधून सरळ करावयास जाणे हे मोठे संकट ओढवून घेणे होय. सोयीचे दिसते म्हणून शल्यज्ञाने ती नुसती कापून सरळ करणे हेही तितकेच वाईट. त्या कापाचाच खोटा सांधा होतो. अशा मुलास मापाने केलेला आधारसाचा घालावा आणि मुलांच्या अस्थिशल्यज्ञाकडे न्यावे. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणीची पथके अंगणवाड्यांतून हिंडतात. पवनमावळ, नाणेमावळ, आंदरमावळ या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांवर मुलाची नडगी प्रथम पाहणारे माणूस म्हणजे अंगणवाडीची बाई किंवा आशाताई. तिला हा बाक एकदा चित्रात दाखविला, तरी पुरे. शस्त्रक्रियेचा खर्च पेलण्यासाठी २०१२ मध्ये सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची योजना आहे. कोणती क्रिया कोठे बसते, ते रुग्णालयात आधीच विचारून घ्यावे.

आधारसाचा हा या कथेतला सर्वांत कमी मानाचा भाग. पुस्तकांत त्याच्या वाट्यास दोन ओळी येतात. कलम लागले, हाड जुळले, तरी तो निघत नाही. मूल वाढते तसा तो दर सहा-आठ महिन्यांनी आखूड पडतो, पट्टे तुटतात, पावसात कातडे कुजते. नव्या मापासाठी पुन्हा पुण्याची गाडी. सळईही हाडाबरोबर लांब होत नाही. ती बदलावी लागते. घोटा सळईमुळे काही वर्षे ताठ राहतो. मुलगी चौदा-पंधराची आणि मुलगा सोळा-सतराचा होऊन हाडाची वाढ थांबली, म्हणजे शल्यज्ञ शेवटचे चित्र घेतात आणि साचा काढून ठेवावयास सांगतात.